मौनातली नोंद

बाल वर्तन समिती सोलापुरात दर गुरुवारी बसते. सकाळी अकरा ते दोन या वेळात पंचवीस-सव्वीस प्रकरणं हातावेगळी होतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला साधारण सात मिनिटं. तेवढी पुरतात, कारण विचारायचं काही उरलेलं नसतं. फायलीत जिल्हा मोजणी अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असतं, प्रमाणपत्रावर एक आकडा असतो, आणि तो चाळीसच्या वर गेलेला असला की समितीचा लेखनिक छापील निर्णयात फक्त नाव भरतो.

तृप्ती बिराजदार सहा वर्षं ही प्रमाणपत्रं देत होती. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी तिच्या टेबलावर नवीन सव्वीस फायली आल्या. अकराव्या फायलीवर नाव होतं, साची म्हेत्रे, इयत्ता आठवी. साची तिच्या धाकट्या बहिणीची, दीप्तीची मुलगी.

फाइल चार पानांची होती. शुक्रवारी मधल्या सुट्टीत साचीने वर्गातल्या तन्वी देशमानेच्या कपाळावर स्टीलचा डबा मारला. भुवईच्या वर तीन टाके पडले. गुरुवारी संध्याकाळी साची अर्धा तास ‘वज्रगड’ खेळली होती. या खेळात किल्ला लढवायचा असतो आणि समोरच्याला जवळून मारलं तर जास्त गुण मिळतात. खेळानंतरचा चढ सत्तेचाळीस टक्के. शेवटच्या पानावर तृप्तीच्या सहीसाठी जागा होती. नात्यातलं प्रकरण असेल तर तसं लिहून सही करायची, एवढाच नियम होता.

तिने ती फाइल सगळ्यांत खाली ठेवली आणि बारावी उघडली.

मारामारीच्या खेळांमुळे मुलं मारकुटी होतात का, हा वाद दोन पिढ्या चालला होता. जुन्या प्रयोगांत मुलांना खेळ खेळायला लावत आणि मग न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला ती किती मोठा, किती वेळ कर्कश आवाज ऐकवतात ते मोजत. हिंसक खेळ खेळलेली मुलं आवाज थोडा जास्त वाढवायची. टीकाकार म्हणायचे, बटण दाबणं म्हणजे कोणाला बुक्की मारणं नव्हे. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत परिणाम कधी दिसायचा, कधी घरची परिस्थिती आणि मुलाचा मूळ स्वभाव हिशेबात घेतला की पुसट व्हायचा. दोन्ही बाजूंकडे शोधनिबंधांचे गठ्ठे होते.

मग मनगटावरचा पट्टा आला. तो तीन गोष्टी मोजायचा: त्वचेवरच्या घामातून वीज किती सहज वाहते, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं आणि मुठीच्या स्नायूंत किती ताण आहे. तिन्ही मिळून एक अंक. मुलगा शांत असतानाचा अंक म्हणजे पाया. खेळ संपल्यावर वीस मिनिटांनी तो पायापेक्षा किती टक्के वर राहतो, तो चढ. ज्याचा चढ उतरत नाही, त्या मुलाने दुसऱ्या दिवशी हात उचलण्याची शक्यता जास्त, असं चार हजार मुलांवरच्या अभ्यासात दिसलं. तो अभ्यास सोलापूर जिल्ह्यात झाला होता. मुख्य संशोधक डॉ. मनोहर पोतनीस, क्षेत्रीय काम तृप्ती बिराजदार. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आधारे कायदा झाला आणि दहा ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाच्या हातावर पट्टा आला. आंघोळीपुरता काढायचा, एरवी नाही.

कायदा लोकांना आवडला. चढ चाळीसच्या वर असेल तर मूल ‘खेळबाधित’ ठरायचं. त्याचा खेळ बंद, सहा महिने त्याच शाळेतल्या निवांत वर्गात बसवायचं, फाइल मोहोरबंद. दोष मुलाचा नाही, आईबापाचा नाही, शाळेचाही नाही. हात उचललेल्या मुलाची आई पूर्वी मान खाली घालून समितीपुढे यायची. आता ती आकडा विचारायची आणि बेचाळीस ऐकलं की सुटकेचा निःश्वास टाकायची.

साडेसहाला तृप्ती बहिणीकडे गेली. दीप्ती ओट्याशी भाकरी थापत होती. तिचा नवरा तीन वर्षं मस्कतला होता.

“अक्का, फाइल आली ना तुझ्याकडं?”

“आली.”

“सत्तेचाळीस आहे. म्हणजे झालंच की.” दीप्तीने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. “प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलंय. खेळबाधित ठरली तर निवांत वर्ग. नाही ठरली तर दाखला हातात. आणि दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो, तुला ठाऊक आहे. तिथं ‘चांगली’ सोडून दुसरं काही लिहिलं तर ऑक्टोबरात कोण घेईल तिला?”

“साची काय म्हणते?”

“तिला काय कळतंय? कबुलीच्या कागदावर सही कर म्हटलं तर नाही म्हणते. तूच बघ. तुझंच ऐकते, माझं कुठं ऐकते.”

साची आतल्या खोलीत पलंगावर पाय सोडून बसली होती. समोर छापील कागद होता: ‘खेळाच्या परिणामामुळे माझ्याकडून पुढील कृती घडली.’

“मावशी, हे खोटं आहे,” ती म्हणाली. “मला राग आला होता. म्हणून मारलं.”

“राग खेळामुळे वाढला असेल.”

“खेळात मी किल्ल्यात बसून दोर ओढते. दरवाजे उघडायचं काम माझ्याकडं आहे. अजून एकालाही मारलं नाही मी.” ती थोडी हसली. “ग्रुपवरचे सगळे त्यावरून चिडवतात मला. आता तर ‘ए सत्तेचाळीस’ म्हणतात.”

“मग राग कशाचा आला?”

साचीने डाव्या दंडावरची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला निळे-पिवळे ठिपके होते, काही जुने, काही ताजे.

“तन्वी. जुलैपासून. परिपाठाला उंचीप्रमाणे रांग असते ना, ती माझ्या मागं. प्रार्थना झाली की दोन मिनिटं मौन. तेव्हा चिमटे काढते. मौनात ओरडलं तर अख्ख्या रांगेला शिक्षा. म्हणून तेव्हाच काढते, हुशार आहे.”

“बाईंना सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. बाई म्हणाल्या, तिचा चढ सहा आहे, ती असं करणार नाही.”

तृप्तीचं बोट त्या ठिपक्यांवर थांबलं.

“मावशी, काय झालं?”

“काही नाही. मौन रोज असतं?”

“रोज. तुम्ही लोक जूनमध्ये पट्ट्याचा पाया घेता, तेव्हापण तेच असतं की.”

तृप्ती तशीच बाहेर आली. दीप्ती म्हणाली, “जेवून जा.” ती नको म्हणाली.

मौनात पाया घ्यायचा, हे तिनेच सुचवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी आराखड्यात लिहिलं होतं: मूल घरी, सुट्टीच्या दिवशी, पंधरा मिनिटं निवांत बसलेलं असताना. हाताशी एक महिना होता आणि चार हजार मुलं. पहिल्या आठवड्यात तिच्या माणसांनी चाळीस घरं केली. कुठे पाहुणे, कुठे टीव्ही, कुठे धाकटं भावंड पट्टा चावतंय. तेव्हा ती म्हणाली होती, शाळेत परिपाठाला पोरं दोन मिनिटं आपोआप गप्प उभी राहतात, तीन दिवस तेव्हाच नोंद घ्या. बासष्ट शाळांचं काम सोळा दिवसांत झालं. सगळ्यांनी कौतुक केलं. अहवालात पद्धतीच्या रकान्यात तिने लिहिलं, ‘विश्रांत अवस्था’. पुढे कायदा आला तेव्हा तीच पद्धत नियमावलीत गेली. आता राज्यभर दर जूनमध्ये मौनातच पाया घेतात.

मंगळवारी सकाळी तिने दोन मुलींच्या नोंदी काढल्या. साचीचा जूनमधला पाया तीस. सकाळी सव्वासातला, अर्धवट झोपेत, नवीन वर्गाच्या पहिल्या आठवड्यात. खेळानंतर चव्वेचाळीस. चढ सत्तेचाळीस टक्के.

तन्वीचा पाया बावन्न. तोच खेळ, पंचावन्न. चढ सहा टक्के.

तृप्तीने ते दोन आकडे पुन्हा वाचले. साची खेळून उठली तेव्हा चव्वेचाळीसवर होती. तन्वी प्रार्थनेनंतर डोळे मिटून उभी होती तेव्हा बावन्नवर. जे मूल आधीच टोकाला आहे, ते आणखी चढणार कुठे? म्हणून ते सुरक्षित.

पट्टे रविवारीही हातावरच असतात. त्या नोंदी साठवणीत पडून होत्या. कायद्याला लागत नव्हत्या म्हणून कोणी उघडत नव्हतं. तिने रविवारची सकाळ हा पाया धरला. साची अडतीस, म्हणजे चढ सोळा टक्के, कुठल्याही मुलासारखा. तन्वीच्या रविवारच्या रकान्यात पुन्हा बावन्न होते. शाळेत बावन्न, घरी बावन्न. तिचा अंक कुठेच उतरत नव्हता.

दुपारपर्यंत तिने जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा ताडून पाहिल्या. जिथली मुलं सगळ्यांत सुरक्षित ठरली होती, तिथे मौनातला पाया सगळ्यांत उंच होता. पहिल्या क्रमांकाची शाळा तिला आठवत होती. तिथल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर पेपरवेटच्या शेजारी वेताची छडी असायची, आणि मुलं इतकी शांत उभी राहायची की तिच्या माणसांनी तिथे आनंदाने एक दिवस जास्त काम केलं होतं. निवांत वर्गात बसली होती ती बरीचशी बऱ्या शाळांतली, मौनात खरोखर निवांत असणारी मुलं.

बुधवारी तिने डॉ. पोतनिसांना पुण्याला फोन लावला. ते आता ब्याऐंशी वर्षांचे होते. तिने सगळं सांगितलं.

“परिपाठात घेतलेत? मी घरी समजत होतो.”

“मी ‘विश्रांत अवस्था’ लिहिलं होतं, सर.”

“हो. आणि मी विचारलं नाही. सोळा दिवसांत बासष्ट शाळा होतात कशा, हे विचारायला हवं होतं.” ते खोकले. “विचारलं असतं तर अभ्यास पुढच्या वर्षावर गेला असता. मला वाटतं म्हणूनच विचारलं नाही.”

“मग चढ आणि मारामारी यांचा संबंध दिसला तो?”

“भित्र्या शाळांतल्या मारामाऱ्या नोंदवल्याच जात नसतील. धीट मुलांच्या शाळेत तक्रार होते, नोंद होते. तुमच्याकडे आकडे आहेत, तपासा.”

“म्हणजे खेळ निर्दोष?”

“तसं कुठं म्हणालो मी? काही मुलांवर होतही असेल परिणाम. आपल्याला माहीत नाही, तृप्ती. अकरा वर्षांपूर्वी होतो तिथेच आहोत.” मग म्हणाले, “उद्याच सांगणार आहात का?”

“उद्या भाचीची सुनावणी आहे.”

“म्हणजे सही केलीत तर ती वाचते.”

“हो.”

“माझी परवानगी मागू नका,” ते म्हणाले. “या वयात मी चुकीचीच देईन.”

दीप्ती संध्याकाळी तृप्तीच्या घरी आली ती उभ्या उभ्या बोलायला.

“साचीला फोनवर सांगितलंस म्हणे, सही करणार नाहीस.”

“चूक आहे तो आकडा.”

“अकरा वर्षं बरोबर होता! चार हजार पोरांना बरोबर होता. माझ्या पोरीपाशी आला आणि चुकीचा झाला?”

“चार हजार पोरांनाही चुकीचाच होता.”

“मग एक आणखी चुकू दे. पुढच्या गुरुवारपासून खरं बोल. अक्का, काय बोलायलीस तू, कळतंय का? ती मारकुटी ठरेल. दाखल्यावर लिहितील. जन्मभर राहील तो कागद.”

“ती स्वतः सांगते आहे की तिने मारलं.”

“तेरा वर्षांची आहे ती! तेराव्या वर्षी खरं बोलायला काय जातं? निस्तरायचं मला आहे.”

दीप्तीने चपला घातल्या. “आईच्या माघारी तुलाच आई मानलं,” ती दारातून म्हणाली, “आता तेही मानायचं का ते बघते.”

गुरुवारी सव्वाबाराला साचीचं नाव पुकारलं. समितीच्या अध्यक्ष होटगीकर बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी फाइल चाळली. एका बाजूला दीप्ती आणि साची. दुसऱ्या बाजूला शाळेचे प्राचार्य, तन्वी आणि तिचे वडील. तन्वीच्या कपाळावर पट्टी होती. ती बुटाच्या टोकाकडे बघत होती.

“प्रमाणपत्र कुठाय?” बाईंनी विचारलं.

“या प्रकरणात मी देऊ शकत नाही,” तृप्ती म्हणाली. “मुलगी माझी भाची आहे, पण कारण ते नाही. पाया चुकीच्या वेळी घेतला जातो. ती पद्धत मीच सुरू केली होती. त्यावरून काढलेल्या चढाला अर्थ नाही.” तिने दोन पानांचं टिपण पुढे ठेवलं.

बाईंनी ते सावकाश वाचलं. लेखनिक पेन धरून बसला होता.

“म्हणजे खेळाचा दोष नाही?”

“माहीत नाही. या आकड्यावरून सांगता येत नाही.”

“आणि याआधी सांगितलंत ते?”

“तेही सांगता येत नव्हतं. माझ्या सहीवर खेळबाधित ठरलेली दोन हजार एकशे सहा मुलं आहेत. यादी सोबत जोडली आहे.”

लेखनिकाने विचारलं, “बाई, हे कुठल्या रकान्यात घेऊ?”

“थांबा जरा.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि साचीकडे बघितलं. “तू सांग. का मारलंस?”

साचीने सांगितलं. जुलैपासूनचे चिमटे, मौन, वर्गाच्या बाईंचं उत्तर. दंड दाखवला. शेवटी म्हणाली, “पण डबा मारायला नको होता. टाके पडतील असं वाटलं नव्हतं.”

“खोटं आहे,” तन्वीचे वडील म्हणाले. “माझी मुलगी सहा आहे, मॅडम. सहा! कधीही विचारा शाळेला.”

“सहाला काही अर्थ नाही,” तृप्ती म्हणाली.

प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, “समितीला निर्णय देता येत नसेल तर शाळेच्या शिस्तीचा नियम लागू होतो. मारल्याचं कबूलच केलंय मुलीनं.” त्यांच्या फोल्डरमध्ये दाखला तयार होता. वर्तणुकीच्या रकान्यात ‘असमाधानकारक’ टाइप केलेलं होतं.

बाई म्हणाल्या, “हा शब्द बदला, अशी समितीची विनंती नोंदवते.”

“विनंती नोंदवा,” प्राचार्य म्हणाले. त्यांनी दाखला दीप्तीपुढे सरकवला. तिने पोच म्हणून सही केली, साचीचा हात धरला आणि तृप्तीकडे न बघता बाहेर गेली.

तृप्तीच्या टिपणाला एक बंद पाकीट टाचलेलं होतं, फक्त अध्यक्षांसाठी. त्यात तन्वीच्या रविवारच्या नोंदी होत्या. बाईंनी ते आता उघडलं, वाचलं, घडी करून फायलीखाली ठेवलं.

“देशमाने, तुम्ही जरा बाहेर बसा. सर, तुम्हीपण.”

“का? मी वडील आहे तिचा.”

“बसा म्हणते ना.”

देशमान्यांनी खुर्ची मागे ढकलली. फरशीवर आवाज झाला आणि तन्वीची मान खांद्यांत गेली. ते जाईपर्यंत ती वर आली नाही. बाई उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि तृप्तीला डोळ्यांनी दार दाखवलं.

बाहेरच्या व्हरांड्यात बाकांवर उरलेली मुलं आणि त्यांचे आईबाप बसले होते. देशमाने टोकाला उभं राहून फोनवर बोलत होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवर दीप्ती दाखला हातात धरून उभी होती.

“झालं तुझ्या मनासारखं?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग कुणाच्या मनासारखं झालं, अक्का?”

उद्यापासून तिलाही बहुधा वेगळ्या टेबलावर बसवतील. ते तिने बहिणीला सांगितलं नाही.

साचीने मध्येच विचारलं, “तन्वी काय म्हणाली?”

“अजून काही नाही.”

“आत कोण आहे तिच्याजवळ?”

“होटगीकर बाई.”

“आणि तिचे पप्पा?”

“ते बघ, तिकडं.”

साचीने त्यांच्याकडे बघितलं. “ते गेटवर आले की तन्वी पळत जाते. बुटाची नाडीपण बांधत नाही, एवढी घाबरते.” मग आईला म्हणाली, “आपण थांबू या थोडं.”

“कशाला? तिच्यासाठी?” दीप्तीचा आवाज चढला. “शाळा गेली तुझी तिच्यापायी.”

“मला आवडत नाही ती. पण बाहेर आल्यावर तिला कळू दे की आपण गेलो नव्हतो.”

दीप्ती पोरीकडे बघत राहिली. मग ती तिथेच पायरीवर बसली, दाखला मांडीवर उलटा ठेवला, आणि तृप्तीला जागा व्हावी म्हणून थोडी सरकली. तिने बहिणीकडे बघितलं मात्र नाही.